दार पश्चिमेला हवं

गिरणी बंद पडली ती आमच्या घराचं दार दक्षिणेला असल्यामुळं, हे थोरल्या दिरांनी सांगेपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. आम्ही आपले अडाण्यासारखे समजत होतो की मालकांचं आपसांत पटत नव्हतं आणि यंत्रं म्हातारी झाली होती. फाटकावर नोटीस लागली, तिच्यातही आमच्या दाराचा उल्लेख नव्हता. हजारभर माणूस होतं त्या गिरणीत. त्या सगळ्यांची दारं दक्षिणेलाच असणार, असं मी म्हटलं, पण मनात. धाकट्या सुनेनं मोठ्यांदा म्हणायच्या गोष्टी वेगळ्या असायच्या.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. सोलापुरातल्या एका चाळीत, तळमजल्यावर, आमच्या दोन खोल्या होत्या. घरात माणसं तीन: मी, हे, आणि आमची चार वर्षांची लेक. चौथं पोटात होतं. हे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. माझं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, तिथं सगळं कानडीत. सासरी बोलणं मराठीत आणि भांडण कानडीत, त्यामुळं मला भांडणं आधी समजायला लागली.

संध्याकाळी दिवा लागला की मी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायची. लेक कपाळभर विभूती फासून शेजारी. यांचा देवावर विश्वास नव्हता. युनियनच्या मीटिंगहून आले की ते आम्हाला तसं बजावून सांगत. स्वतःच्या गळ्यातलं लिंग त्यांनी खुंटीला अडकवलं होतं, सदऱ्याच्या शेजारी. पण पूजेच्या वेळी बरोबर येऊन भिंतीला टेकून बसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "चहा त्याच्यानंतरच करतीस की. म्हणून बसतो." गिरणी बंद पडल्यावर चहा आधी गुळाचा झाला, मग दुधाशिवायचा झाला, मग कधी कधी झालाच नाही. हे बसायचे ते बसतच राहिले. मीही विचारायचं सोडून दिलं.

सगळ्यात जास्त अडचण लेकीची झाली. गिरणीचा भोंगा झाला की उठायचं, एवढंच तिला माहीत. भोंगा बंद झाल्यावर ती अंथरुणातून बाहेर यायला तयार होईना. "अजून सकाळ झाली न्हाई," म्हणायची. गिरणीतल्या बऱ्याच जणांचं तेव्हा तेच मत होतं.

थोरल्या दिरांना घरात सगळे अण्णा म्हणत. बाजारात त्यांचं भुसाराचं दुकान होतं, मागं मोठं गोदाम. त्यांची श्रद्धा फार दांडगी होती, विशेषतः दुसऱ्याच्या बाबतीत. आमच्यावर संकट आलंय म्हटल्यावर त्यांना एकदम हुरूप आला. एका सोमवारी ते एका स्वामींना घेऊनच आले. कुठल्या मठाचे, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. बरोबर जाऊबाई, दोन शिष्य आणि एक होकायंत्र. होकायंत्र पितळेचं, झाकणाचं, बहुधा लष्करातून सुटून आलेलं. स्वामींनी ते आमच्या उंबऱ्यावर ठेवलं, डोळे मिटले आणि सुई थांबायच्या आत निदान सांगितलं.

"दक्षिण. घर दक्षिणमुखी आहे. दार पश्चिमेला हवं."

"बघ," जाऊबाई म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते?"

त्या काय म्हणत होत्या ते मला काही आठवेना.

हे हळू आवाजात म्हणाले, "पश्चिमेला शेजारी राहत्यात, स्वामी."

"शेजाऱ्यांचं तुम्ही बघा. आम्ही दिशा सांगितली."

अण्णांनी मार्ग काढला. "दार न्हाई तर न्हाई. वीतभर झरोका तरी पाड की. वारा बदलला की बघ, गिरणी बी चालू हुईल."

आता आमच्या यांनी गिरणीच्या फाटकावर उभं राहून मॅनेजरसमोर भाषण केलेलं होतं. लोक अजून त्या भाषणाचं नाव काढत. पण थोरल्या भावासमोर त्यांच्या तोंडातून 'बरं' याच्यापुढं शब्द फुटत नसे. म्हणाले, "बरं."

घरमालकाला विचारावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. शास्त्राच्या कामात घरमालक कुठं आणायचा? अण्णांनी गवंडी बरोबरच आणलेला होता. म्हणजे निदान घरून निघतानाच झालेलं असावं. चाळीची मधली भिंत पांढऱ्या मातीची. गवंड्यानं पहारेचे दोन घाव घातले, तिसऱ्याला पहार आरपार गेली आणि पलीकडं डबे पडल्याचा मोठा आवाज झाला. धूळ खाली बसली तर भोकातून आमची शेजारीण बघत होती.

ती माझ्याच वयाची. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. तिच्या केसांवर, भुवयांवर आमच्या भिंतीची माती.

"क्या भाभी," ती म्हणाली, "चायपत्ती होना थी तो आवाज देना था ना. दीवाल कायकू फोडे?"

मला हसू आवरेना, आणि पदर तोंडात कोंबायची सोय नव्हती, कारण तो डोक्यावर होता. अण्णांनीच पुढं होऊन गंभीरपणे तिला दिशेचं सगळं समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"दरवाजा होना? बनाव की. रोज हमारे चूल्हे पर से जाव, चाय पीके जाव." मग जरा विचार करून म्हणाली, "लेकिन दरवाजा तो हमारा भी तुम्हारे जैसा दक्षिणकूच है. हमारे इनकी गाडी तो रोज चलती."

सगळ्यांनी स्वामींकडं बघितलं. स्वामींनी होकायंत्राचं झाकण लावलं. "त्यांचं शास्त्र वेगळं," म्हणाले, आणि जेवायला बसले. शिष्यही बसले. त्या दिवशी आमच्या घरातली ज्वारी एकाच पंगतीत संपली, आणि दोष मात्र होता तिथंच राहिला.

भोक बुजवायला पुन्हा गवंडी लागला असता. तो अण्णांनी आणला नाही, कारण स्वामींनी फक्त पाडायला सांगितलं होतं. मग शेजारणीनं तिकडून एक रिकामा डबा लावला आणि मी इकडून कॅलेंडर टांगलं. घरमालकासाठी तेवढं पुरेसं होतं. आमच्यासाठी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासूनच डबा बाजूला सरकायला लागला. तिकडून कधी कोथिंबीर यायची, कधी वाटीभर डाळ. इकडून लेक हात घालून तिच्या बांगड्या ओढायची. मी पूजेला बसले की तिकडचा रेडिओ बारीक होई. मी तसं कधी सांगितलं नव्हतं. तिला दिवसभर एकटीला करमत नसे, मला दिवसभर घरात बसलेल्या नवऱ्याशी काय बोलावं ते सुचत नसे. भोकाचा दोघींनाही उपयोग झाला. गिरणीला काही झाला नाही.

महिना-दीड महिन्यानं स्वामी पुन्हा आले. भोकाजवळ डोळा नेऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं. लहान पडलं, म्हणाले. शिवाय आता साडेसातीही निघाली होती. ती सरेपर्यंत नवरा-बायकोनं एका छपराखाली राहणं बरं नाही, नाही तर पोटातल्या जिवाला त्रास. थट्टा एवढा वेळ चालली होती, पण पोटाचं नाव काढलं की कुठल्याही बाईचं तोंड बंद होतं. त्यांना ते चांगलं माहीत असणार.

अण्णांची योजना तयारच होती. मी लेकीला घेऊन माहेरी जावं. यांनी दुकानात हाताखाली राहावं आणि रात्री गोदामात झोपावं. अण्णांच्या गोदामाला राखणीला माणूस हवाय, हे ग्रहांना नेमकं कसं कळलं, ते मला आजवर उमगलेलं नाही.

मी चुलीपाशी उभी होते. आता हे 'बरं' म्हणणार, म्हणून मी मनात ट्रंक भरायलासुद्धा घेतली होती.

"अण्णा, हे न्हाई जमायचं," हे म्हणाले.

अण्णांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय न्हाई जमायचं?"

"येगळं राहायचं. तुमी भिंत फोड म्हणालात, फोडली. अजून काय करा म्हणाल ते करतो, माझा इश्वास नसला तरी. पण ही हितंच राहणार, पोरगी हितंच राहणार आणि मी बी. खायला असंल न्हाई तर नसंल."

आवाज चढवला नव्हता. लेक मांडीवर होती, तिच्या फ्रॉकचं बटण ते लावत होते आणि ते काही लागत नव्हतं.

"मंग ह्या उंबऱ्याला मी पाय लावणार न्हाई," अण्णा उठले.

त्यांनी शब्द पाळला, बरेच दिवस. आमच्या घरात झालेली ती पहिली खरी शांती, आणि तिला कुठलाच विधी लागला नाही.

ते गेल्यावर मी खूप रडले. हे जवळ आले आणि म्हणाले, "भ्यालीस व्हय?"

"पोटातल्याचं म्हणाले ना ते."

युनियनवाल्याला अशा वेळी काय बोलावं याची सवय नसते. हे म्हणाले, "तुझा देव काय म्हणतो? तू त्याला धरून बसतीस रोज, म्हणून इचारतो."

थट्टा नव्हती ती. मी म्हटलं, "तो काय म्हणणार? त्याला ना दार हाय ना दिशा. तळहातावर असतोय, आपण जातो तितं येतोय." मला स्वतःलाच ते बोलल्यावर धीर आला. लहानपणापासून जे करत आले होते, त्याचा अर्थ मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितला होता, आणि सांगितला तोही न मानणाऱ्या माणसाला.

पुढच्या आठवड्यात हे कामाला लागले. गावाच्या पूर्व भागात एका तेलुगू मालकाचा यंत्रमागाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि चार माग. तिथं चादरी निघत. इतकी वर्षं गिरणीत साधं कापड विणलेल्या माणसाला चादरीवरचा मोर काही केल्या जमेना. पहिल्या चादरीवर जे काय उमटलं त्याला मालकानं तेलुगूत काहीतरी म्हटलं. यांना त्या भाषेतले तेच शब्द सगळ्यात आधी पाठ झाले. घरी येऊन म्हणून दाखवायचे, आणि लेक ते शेजारणीला भोकातून ऐकवायची.

थोड्या दिवसांनी मीही त्यांच्याबरोबर जायला लागले. शेडच्या कोपऱ्यात बायका चरख्यावर सूत गुंडाळून मागाच्या कांड्या भरत बसत, त्यांच्यात बसले. लेक सुताच्या ढिगावर. सांजेला घरी येताना तिघांचे हात वेगवेगळ्या रंगांचे असत. काम गिरणीपेक्षा जास्त, आवाज गिरणीएवढाच, आणि पाळी संपायची वेळ मालकाच्या मनात. आमची प्रगती झाली म्हणायची ती अशी. पण दुपारी माग थांबत, तेव्हा आम्ही तिघं एका भाकरीच्या फडक्याभोवती बसत असू. लग्नाला पाच वर्षं होऊन गेली होती आणि दुपारचं जेवण आम्ही कधी एकत्र जेवलो नव्हतो; गिरणीच्या पाळीनं ते जमूच दिलं नव्हतं. यांना तोंडली आवडत नाहीत, हे मला तिथं कळलं. पाच वर्षं मी डब्यात ती भरून देत होते. "मंग बोलला का न्हाई?" मी विचारलं. म्हणाले, "बोलायचं कुणापाशी? तू हितं, मी तितं."

काम लागल्याची बातमी बाजारात पोहोचली तसे अण्णा उंबरा विसरून आत आले, पेढे घेऊन. स्वामींचा निरोपही आणला होता: वीतभर झरोक्यानं एवढं काम केलं, पुरतं दार पाडलं असतं तर गिरणीच तुमच्या नावावर झाली असती. हे म्हणाले, "बरं." यावेळी मात्र माझ्याकडं बघून हसले.

गिरणी पुढं उघडली, एका पाळीची, निम्म्या माणसांची. यांना बोलावणं आलं आणि हे गेलेही. मला वाटलं होतं नको म्हणतील, पण गिरणीची नोकरी ती गिरणीची नोकरी. भोंगा नव्हता सोडत त्या मंडळींना. मी कांड्या भरतच राहिले, दिवस भरत आले तरी. आणि एके दुपारी शेडमध्येच कळा सुरू झाल्या. कुणीतरी पळत जाऊन शेजारणीला आणलं. तिनं टांगा थांबवला आणि सरकारी दवाखान्यात पोहोचेपर्यंत टांगेवाल्याला, घोड्याला आणि मला, तिघांनाही सारख्याच दमात रागावत राहिली.

मुलगा झाला. हे गिरणीतून तसेच आले, केसांत कापूस घेऊन. त्यांच्या मागोमाग अण्णा, घामाघूम.

"वेळ सांग, वेळ," ते आल्या आल्या म्हणाले. "नेमकी जन्मवेळ. पत्रिका टाकायची हाय."

"घड्याळ न्हवतं, अण्णा," हे म्हणाले.

घड्याळ भिंतीवर होतं, बरोबर यांच्या डोक्यावर, चांगलं टिकटिकत. अण्णांनी ते बघितलं, मग यांच्याकडं बघितलं. मी डोळे मिटून घेतले. बाळंतिणीला तेवढी सवलत असते.

"अंदाजे तरी?"

"दुपार हुती."

अण्णा काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात शेजारणीनं बाळ उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. हे मी आधी सांगायला हवं होतं. त्यांनी ते आधी लांब धरलं, मग छातीशी घेतलं, आणि कानडीत बोलायला लागले. मी भांडणाची तयारी ठेवली. पण ते म्हणत होते, "बारो मगा, बारो." ये बाळा, ये. किती तरी वेळ तेच. नर्सनं भेटायची वेळ संपली म्हणून दोनदा सांगितलं, तरी ते खाटेच्या कडेला बसूनच राहिले.