दुसरी फ्लॉपी

घाटकोपरच्या आमच्या संगणक वर्गात चपला बाहेर काढाव्या लागत. मशीनला आणि सरांना, दोघांनाही धूळ सोसत नसे.

माझ्या शेजारी पन्नाशीच्या एक टायपिस्ट बाई बसत. नाव मी कधी विचारलं नाही. परीक्षेत पास झाल्या नाहीत तर ऑफिस त्यांना टायपिंगवरून काढून फायली लावायला बसवणार होतं. त्यांची बोटं भरधाव चालत, पण ओळ संपली की डावा हात टाइपरायटरचा दांडा ढकलायला हवेत जाई.

परीक्षेत एक पत्र टाइप करून फ्लॉपीवर साठवायचं होतं. बाईंनी ते साठवलं, मग पर्समधून दुसरी फ्लॉपी काढून तिच्यावरही घेतलं.

"अहो मॅडम, हा कॉम्प्युटर आहे. हा काही हरवत नाही," सर हसले.

"आमचे साहेबही असंच म्हणायचे हो. तीस वर्षं त्यांच्या पत्रांच्या कार्बन प्रती मीच सांभाळल्या."

सरांनी तपासायला पहिली फ्लॉपी घातली. मशीन घरघरलं, पण पत्र काही दिसेना. सरांनी फुंकर मारून पाहिली. बाईंनी दुसरी पुढे केली आणि त्या पास झाल्या.

मी नापास झाल्यामुळे पुढच्या बॅचलाही होतो. तिथे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "प्रत्येक पत्र दोन फ्लॉप्यांवर ठेवा. ही अमेरिकन पद्धत आहे."