लिनन रूममधली सही

सोमवार होता, नव्वदीच्या मधल्या वर्षांतला. बंगलोरच्या एका मोठ्या हॉटेलात ट्रेनिंगला निघाले होते मी, आत्याची मोतिया रंगाची साडी नेसून... पिना लावून, अंबाड्याला जाळी घालून. त्या दिवसापासून पाच आठवडे माझी फ्रंट ऑफिसची पाळी होती.

मी निपाणीची. हॉटेल मॅनेजमेंट शिकायला आले आणि बनशंकरीला आत्याकडे राहिले. दुसऱ्या वर्षी कॉलेज आम्हाला सहा महिने हॉटेलात पाठवायचं... किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग आणि शेवटी फ्रंट ऑफिस. मला रिसेप्शनलाच काम करायचं होतं. त्यासाठी पोतंभर कांदे सोलले, बाथरूम घासल्या, हूं की चूं केलं नाही.

लॉबीच्या दारातच ट्रेनिंग मॅनेजरने मला थांबवलं. माझ्या हनुवटीवर कोडाचा डाग आहे, आठ आण्याच्या नाण्याएवढा. साहेब माझ्याशी नाही, त्या डागाशीच बोलत होता. फ्रंटला गेस्ट येतात, त्यांना बघून प्रसन्न वाटलं पाहिजे, तू आपली खाली लिनन रूमला जा, म्हणाला.

आणि मी काय म्हणाले असेन?

"थँक्यू सर."

इतकी वर्षं झाली... तरी ते थँक्यू आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पण आम्हाला दोन वर्षं तेच घोटवलं होतं ना. समोरचा काहीही बोलो, हसायचं आणि थँक्यू म्हणायचं. तोंडाला इतकी सवय झाली होती की अपमान करणाऱ्याचेही आभार मानून मोकळी झाले.

लिनन रूम तळघरात. हॉटेलभरच्या चादरी, टॉवेल, युनिफॉर्म तिथून निघायचे. ते सगळं सांभाळायची सरोजाक्का, पन्नाशीची, पदर खोचलेली. तिने माझी साडी पाहिली. आपला एप्रन काढून माझ्या गळ्यात घातला, साडी खराब होऊ नये म्हणून.

चार दिवस मी फुगून बसले होते. ती आपली शिकवत राहिली. चादर बल्बसमोर धरून विरलेली जागा कशी शोधायची, फाटक्या चादरीतून उशीचा अभ्रा कसा काढायचा... एका पलंगामागे चादरींचे पाच जोड का लागतात, तेही. एक पलंगावर, एक त्या मजल्याच्या कपाटात, एक धुलाईत, एक आमच्या फळीवर, एक राखीव. धुऊन आली की लगेच अंथरायची नाही, कापडालाही विसावा लागतो, असं ती कानडीत सांगायची. हे मी पुस्तकात वाचलं असेलही, पण समजलं तिथे.

शेवटच्या दिवशी लॉगबुकं हातात आली. कुठल्या विभागात काय शिकलो ते त्यात असायचं, खाली साहेबाचा शेरा आणि सही. त्याने सगळ्यांची एकदमच उरकली होती. माझ्यात लिहिलं होतं, फ्रंट ऑफिस, पाच आठवडे... गेस्टशी वागणूक अतिशय उत्तम.

अरे, कुठला गेस्ट? पाच आठवड्यांत मला एका गेस्टची सावली दिसली नव्हती! मला दडवून ठेवायचं तळघरात, आणि वर खोटं लिहायचं ते माझ्याच वहीत. बरोबरची मैत्रीण म्हणाली, मिळालंय ना आयतं, गप घे. तिचंही चूक नव्हतं, त्या पानावर मला रिसेप्शनची नोकरी मिळाली असती.

मी त्या पानावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, लिनन रूम, पाच आठवडे. आणि वही घेऊन तळघरात गेले.

सरोजाक्का घाबरलीच. इतकी वर्षं ती ट्रेनींना शिकवत होती, पण एकानेही तिची सही मागितली नव्हती. "माझी सही कुठं चालते गं?" कानडीतच म्हणाली.

"शिकवलं कुणी, अक्का?" मी विचारलं.

तिने एकदा दाराकडे बघितलं. मग हात पदराला पुसले आणि सावकाश, कानडीत, पूर्ण नाव लिहिलं. साहेबाला कळलं तर काय होईल हे तिला ठाऊक होतं. मला रागाच्या भरात ते सुचलंही नाही.

कॉलेजात प्राचार्य भडकले. पुढच्या वर्षी ते हॉटेल आपली मुलं घेणार नाही, नवीन वहीत नीट लिहून आण, स्वल्प अ‍ॅडजस्ट कर... नाहीतर वर्ष जाईल. मी म्हटलं, जाऊ दे.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. पानं उलटता उलटता त्या रेघेपाशी थांबले, ही कानडी सही कुणाची म्हणून विचारलं. "ज्यांनी शिकवलं त्यांची, सर," मी म्हणाले. मग त्यांनी फक्त लिननवर प्रश्न विचारले, आणि मला एकही अडला नाही. पास झाले.

पेढे घेऊन हॉटेलच्या मागच्या गेटवर गेले तर अक्का नव्हती. कुणी म्हणालं गावी गेली, कुणी म्हणालं काढून टाकलं. ती जयनगरकडून बसने यायची, एवढंच मला माहीत. माझा राग तिला भोवला की काय, ते आजपर्यंत कळलेलं नाही.

पुढे दुसऱ्या हॉटेलात मी सात वर्षं रिसेप्शनला उभी राहिले, डागासकट. एकही गेस्ट पळून गेला नाही! आता ट्रेनी माझ्या हाताखाली येतात. त्यांच्या वहीत सही मी करत नाही, ज्याने शिकवलं त्याची घेऊन या म्हणते... मग तो भांडी घासणारा का असेना.

एवढं करूनही मनात सल आहेच. त्या दिवशी सही झाल्याबरोबर मी वही ओढून बससाठी पळत सुटले होते. साहेबाला थँक्यू म्हणाले, अक्काला म्हणायचं राहिलं.