खोराझीनात जन्मलेलं पोर

आमच्या खोराझीन गावच्या काळ्या दगडांत शप्पीरा जन्मली आणि तिथेच म्हातारी झाली. भोवतालच्या किती गावांतली पोरं या सुइणीच्या ओंजळीत पडली. स्वतःच्या गावात मात्र वर्षानुवर्षं एकही नाही. जग बुडवणारा काळा राजा खोराझीनात जन्मणार, असं तळ्याकाठच्या यात्रेकरूंनी पसरवलं होतं. हसता हसता गावही ते मानू लागलं. दिवस भरत आले की पोरींना डोंगरउतारानं खाली तिबेरिया शहरात धाडायचं, अशी रीतच पडली.

किमखीतची सून तबिता शब्बाथ उलटताच निघणार होती. कळा त्याआधीच, शब्बाथच्या दुपारी आल्या. त्या पवित्र विसाव्याच्या दिवशी गाव सोडायचं नाही, गाढवावर बसायचं नाही. जीव धोक्यात आहे असं सुईण म्हणाली, तरच सगळं मोकळं.

किमखीतनं शप्पीराला दारातच गाठलं. "म्हण ना, इथं राहिली तर जीव जाईल म्हणून! इथं जन्मलेलं पोर मी घरात घेणार नाही, सांगून ठेवते."

शप्पीरानं आत जाऊन तबिताच्या पोटावर हात फिरवला. "जीव जायचा तर उतारावर जाईल. मी खोटं बोलणार नाही."

"तुला तर हेच हवं होतं!"

हवं तर होतंच. म्हणूनच शप्पीरानं पुन्हा एकदा, सावकाश हात फिरवला आणि मग नकाराची मान हलवली.

"मीही इथलीच गं. माझं शिंग दिसलं का कधी तुला?"

"जीभ दिसते की रोज!"

"भांडा तुम्ही," तबिता मध्येच ओरडली, "मी मरते तोवर!"

ऊन कलायच्या आत मुलगा झाला. बापाच्या आईनं अंगाला मीठ चोळलं की पोर घरचं. पण किमखीत उंबऱ्यावर पाठ करून बसलेली. पोर रडेना. शप्पीरानं त्याला दाराशी उजेडात आणून पाठ थोपटली, तोंडात फुंकर घातली.

"रडत का नाही गं तो?" किमखीत गर्रकन वळली. "शप्पीरा, काहीतरी कर ना!"

आणि पोरानं टाहो फोडला.

किमखीत मिठाचा खडा घेऊन जात्याकडे धावली.

"जातं नको, शब्बाथ आहे. सुरीच्या मुठीनं ठेच."

"ठेचतेच आहे," डोळे पुसत किमखीत खेकसली. "तू आधी त्याला वाऱ्यातून आत घे!"