नटाला हात लावू नका

सोलापुरात लहान मुलांची फिजिओथेरपी करायला लागून मला बरीच वर्षं झाली होती. आपल्या हातून सहसा चुकत नाही, असा माझा समज होता.

एके दिवशी दुधनीहून एक आई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचे पाय जन्मापासून ताठर. दोन वर्षांपूर्वी मीच तिला स्टँडिंग फ्रेम बसवून दिली होती: लाकडी चौकट, गुडघ्यांना टेकायला नट-बोल्टांनी आवळलेल्या दोन गाद्या, कमरेला पट्टा, पुढं ट्रे. रोज थोडा वेळ त्यात उभं राहिलं की पाय आखडत नाहीत. मधे त्यांचं येणं तुटलं होतं. आता ती फ्रेम टेम्पोत घालून परत आणली होती.

"उभीच राहत न्हाय. लई रडती," आई म्हणाली. "दुसऱ्या लेकराला तरी द्या की."

"एकदा उभी करा बघू."

उभी केल्याबरोबर मला दिसलं. मुलगी चांगली चार बोटं वाढली होती. गाद्या मात्र जुन्याच जागी, गुडघ्याखाली नडगीवर रुतत होत्या. पट्टा मांड्यांवर आला होता, त्यामुळं ती मागं बसल्यासारखी वाकत होती.

"या वर का नाही सरकवल्या?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"तुमीच म्हणला होता की, नटाला हात लावू नका."

म्हणाले होते. सगळ्याच आयांना म्हणायचे. दोन वर्षं तिनं माझा शब्द पाळला आणि पोरगी सोसत राहिली.

"माझं चुकलं," मी म्हणाले आणि पाना तिच्या हातात दिला. "आता तुम्हीच करा. मी सांगते."

पहिला नट तिनं भीत भीत सैल केला. दुसरा सरळ फिरवला. गाद्या गुडघ्यांच्या वाट्या न दाबता नीट टेकल्या, पट्टा कुल्ह्यांवर आला, टाचा फळीला लागल्या. मुलगी ताठ झाली. आईनं तिला कानडीत विचारलं, दुखतंय का?

"इल्ला," मुलगी नकारार्थी मान हलवत म्हणाली आणि ट्रेवरची माझी पेनं गोळा करायला लागली.

दहा मिनिटांनी उतरवून गुडघे पाहिले. लाल वळ नव्हता.

फ्रेम त्याच टेम्पोतून परत गेली. दर तीन महिन्यांनी आई स्वतःच माप घेते, नट फिरवते आणि मला फोटो पाठवते. मागच्या खेपेला तिनं पट्टा मी सांगितल्यापेक्षा बोटभर वर बांधला होता. मी फोन केला.

"तितंच बरं बसतंय तिला," ती म्हणाली.

मी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. तिचंच बरोबर होतं.