पंपवाल्याची गाडी

चिखल्याच्या मॅंगनीज खदानीत टिकारामने एकतीस वर्षं पंप चालवला. जमिनीखाली साचलेलं पाणी वर फेकायचं, एवढंच काम. त्यामुळे जगातली कोणतीही अडचण म्हणजे पाणी एक तर जास्त झालं, नाहीतर कमी पडलं, अशी त्याची पक्की समजूत. रिटायर झाल्यावर त्याने जुनी, छोटी पांढरी गाडी घेतली. ती तापू लागली, तेव्हाही निदान तेच : पाणी कमी.

गाडी हौसेची नव्हती. बायकोची, कुंताबाईची, किडनी गेली होती. आठवड्यातून दोनदा तिला भंडाऱ्याला डायलिसिसच्या मशीनवर न्यावं लागे. डॉक्टरांनी दिवसाला दोन पेले पाणी ठरवून दिलं होतं. त्यावर गेलं तर छातीत साचणार. ती ओठ ओले करून पेला खाली ठेवी. डिक्कीत मात्र गाडीसाठी पाण्याच्या दोन कॅन.

तुमसरच्या घनश्याम मेकॅनिकने एकदा बोनेट उघडून सांगितलं होतं, "टिकाराम भाऊ, रेडिएटर काढून साफ करा लागते. एक दिवस गाडी ठेवून जा."

"तू मले पाणी शिकवतं का बे? माही जिंदगी पाण्यात गेली."

"पाण्याचं कुठी म्हणून राहिलो गा मी?"

कुंताबाई म्हणाली, "ठेवून द्या ना एक दिवस."

"तुले काय समजते व त्यातलं?"

मोहाडी सोडली की काटा हमखास लाल रेषेला टेके. तिथे रस्त्याला लागून सत्यभामाबाईचं घर, पुढ्यात कडुनिंब. गाडी थांबली की ती गाडीसाठी बादली आणी, आणि कुंताबाईसाठी घासून लखलखीत केलेला पितळी गडवा. दारात भरून आणलेला गडवा आमच्याकडे कोणी परत करत नाही. कुंताबाई दरवेळी हात जोडे. "तहान नाही व बाई." आजाराचं सांगू द्यायची नाही. "माह्या रोगाची दवंडी पिटू नका," अशी नवऱ्याला ताकीद होती.

वैशाखातल्या एका सोमवारी गाडी तिथेच उकळली. गार झाल्याशिवाय झाकण उघडता येईना. टिकाराम हाताला फडकं गुंडाळून उभा. कुंताबाई निंबाखाली टेकली, ओठ फुटलेले. सत्यभामाबाईने गडवा पुढे केला, पुन्हा ते जोडलेले हात पाहिले आणि तिचं डोकं फिरलं.

"का व बाई, गाडीले आमच्या घरचं पाणी चालते, अन् तुले नाही चालत? आमच्या हाताले काय किडे लागले?"

कुंताबाईने गडवा घेतला. वरून धार धरून रिकामा केला.

"अजून देऊ?"

"आण."

टिकारामने तोंड उघडलं. कुंताबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की ते मिटलंच. दोन वर्षांत पहिल्यांदा ती पोटभर पाणी पीत होती.

गाडी निघायला अडीच तास लागले. पोहोचले तोवर मशीनवरचा तिचा नंबर दुसऱ्याला गेला होता. उद्या सकाळी या, म्हणाले. दोघं तिथल्याच व्हरांड्यात थांबले. सकाळ तिला जेमतेम दिसली. छातीत पाणी भरलं, आणि एकतीस वर्षं पाणी उपसलेला माणूस शेजारी नुसता बसून होता.

घनश्यामने रेडिएटर काढला, तर पुढच्या जाळीत मॅंगनीजच्या ट्रकांची काळी धूळ विटेसारखी बसलेली. "गाडीले पाणी होतं, भाऊ. हवा भेटत नव्हती." ब्रश मारला, फवारा मारला. दुपारपर्यंत काम झालं.

तेरवीचं सांगायला टिकाराम सत्यभामाबाईकडे थांबला. ती बादली न् गडवा घेऊन बाहेर आली.

"गाडीले नको आता."

"अन् बाईले? आज नाही आणली का तिले?"

"गेली."

बादली खाली ठेवली गेली. "बाप्पा! कायनं व माय?"

"उन्हानं," टिकाराम म्हणाला.

तिने पदर तोंडाला लावला. मग तिची नजर गाडीकडे गेली. "आज तापली नाही हे?"

"साफ करून घेतली."

"मंग पयलेच काहून नाही केली गा, भाऊ?"

उत्तर द्यावं लागू नये म्हणून त्याने तिच्या हातातला गडवा घेतला आणि तोंडाला लावला.