क्लच कव्हरवरचा सांधा

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं फायली बंद झाल्या तशी माझ्या डोक्यातूनही गेली. हे मात्र गेलं नाही, कारण यात पहिली चूक माझी होती. यातल्या कोणाचंही नाव मी घेणार नाही. काही माणसं अजून त्याच गावांत राहतात.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी वसमतला फौजदार होतो. हिंगोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आमचा कारभार परभणीहून चाले. एके दिवशी सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच एक बाई ठाण्यात आली. सोबत दहा वर्षांची मुलगी. नवरा गुरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला. आदल्या दिवशी दुपारी मोटरसायकल घेऊन बाहेर पडला, तो परतला नव्हता.

मोटरसायकल जपानी बनावटीची होती, दोन सिलिंडरची. त्यानं ती जुनी घेतली होती. पगार बेताचा, पण गाडीवर जीव. तालुक्यात तशी दुसरी नव्हती. बाईनं गाडीची कागदपत्रं सोबत आणली होती, म्हणून इंजिन नंबर, चेसिस नंबर मिसिंगच्या नोंदीत व्यवस्थित उतरला. माझ्या हातून त्या दिवशी झालेलं तेवढंच काम नीट होतं.

मी ठरलेले प्रश्न विचारले. "घरात काही भांडण?"

"न्हाई सायेब."

"बाहेर कुठं काही संबंध?"

बाईनं मुलीकडे पाहिलं आणि ती गप्प राहिली. लेकरासमोर असलं काय बोलायचं, म्हणून ती गप्प होती. मी त्याचा माझ्या सोयीचा अर्थ लावला.

पुढे एका पानटपरीवाल्यानं सांगितलं, तसली गाडी नांदेड रोडला जाताना पाहिली. मग एका शिपायानं बाजारातली बातमी आणली, तो नांदेडला एका नर्सबाईबरोबर राहतो. आम्ही नांदेडला दोन दिवस चौकशी केली. नर्सही सापडली नाही आणि तोही नाही. पण बातमी ठाण्यात घट्ट बसली होती. दोन महिन्यांनी मी नोंद केली, 'कौटुंबिक कारणावरून स्वतःहून निघून गेला असावा.' सही केली आणि बदली झाल्यावर निघून गेलो.

त्या एका ओळीनं काय केलं हे मला नंतर कळलं. दवाखान्यानं त्याला विनापरवाना गैरहजर ठरवलं. सासरच्यांनी बाईला सांगितलं, तुझ्यामुळं पळाला, तुझं इथं काम नाही. ती वसमतलाच एका खोलीत शिवणकाम करून राहिली. पहिली दोन-तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन, नवऱ्याचा फोटो पिशवीत घालून, ती गावोगाव फिरत होती.

नऊ वर्षांनी मी पोलीस निरीक्षक होऊन परत वसमतला आलो. आता जिल्हा हिंगोली झाला होता, फलक बदलले होते. हळदीचा हंगाम होता. एका दुपारी ठाणे अंमलदार आत आला. म्हणाला, "साहेब, गॅरेजवाला मिस्त्री आलाय. पोतं घेऊन. तुमच्याशीच बोलायचं म्हणतो."

मिस्त्रीला मी पूर्वीपासून ओळखत होतो. पन्नाशीचा, कमी बोलणारा, गावातल्या जुन्या मुस्लीम कुटुंबातला. आजोबा बंदुका दुरुस्त करायचे, बाप सायकली, हा मोटरसायकली. त्यानं पोत्यातून इंजिनाचं एक कव्हर काढून टेबलावर ठेवलं. अ‍ॅल्युमिनियमचं, पांढरट पापुद्रे सुटलेलं.

"साहेब, नांदेडचे एक डॉक्टर हायेत. त्यांच्या वडिलांची दोन सिलिंडरची जपानी गाडी बारा वर्षं गोठ्यात पडून होती. ती मी उभी करून राहिलो."

त्याला घाई नव्हती, मीही केली नाही. पिस्टन इतके जाम होते की महिनाभर डिझेलमध्ये भिजवून सुटले. त्या गाडीचे सुटे भाग मिळणं कधीच बंद झालं होतं. कार्बोरेटर त्यानं हैदराबादच्या भंगार बाजारातून दोन खेपांत आणले. रिंगा परभणीच्या एका बंद पडलेल्या दुकानात, मालकाच्या माळ्यावर मिळाल्या. पॉइंटचा संच औरंगाबादच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं दिला, तोही 'गाडी चालू झाली की मला दाखवायला आण' या बोलीवर. क्लचच्या बाजूचं कव्हर मात्र कुठं मिळेना. आठ महिने शोधून शेवटी ते जवळा बाजारच्या एका भंगारवाल्याकडे, पंपांच्या ढिगाखाली दिसलं.

"घरी आणून रॉकेलनं धुतलं. काळं निघालं तसा हा सांधा दिसला." त्यानं बोट ठेवलं. कव्हरच्या खालच्या कडेला वेल्डिंगची वीतभर जाडसर रेघ होती आणि शेजारच्या बोल्टच्या भोकात पितळेची बारीक बुश बसवलेली होती. "हे काम माझ्या हाताचं हाय. दगड लागून फुटलं होतं. भोक मोठं झालं म्हणून मी लेथवर बुश करून ठोकली. असलं काम मी जिंदगीत एकदाच केलं. त्या गुरांच्या डॉक्टरच्या गाडीला."

"खात्री आहे?"

"साहेब, तुमी तुमचं अक्षर वळखता का न्हाई?"

त्यानं कव्हर उलटं केलं आणि टाचणीनं एका भोकातून काळा, बारीक गाळ उकरून कागदावर काढला.

"आन् हे बघा. पावसात पडलेल्या मालाला गंज येतो, गाळ येत न्हाई. ही गाडी पाण्यात होती. लई वर्षं होती."

चोरीचा माल घेतल्याचं बालंट आपल्यावर येऊ शकतं, हे मिस्त्रीला कळत नव्हतं असं नाही. आठ महिन्यांनी मिळालेली वस्तू तो मुकाट्यानं बसवू शकला असता. मी तसं विचारलं. तो म्हणाला, "ती बाई माझ्या गल्लीत राहती. रोज नजरेला पडती."

मी जुनी नोंदवही मागवली. माझीच सही होती. ती ओळ वाचली, जीप काढायला सांगितली आणि मिस्त्रीला सोबत घेतलं.

भंगारवाला जवळा बाजारच्या मोंढ्यामागे बसत असे. पोलीस पाहताच तो हात जोडून उठला. अशा माणसाला दरडावलं तर तो खोटं बोलतो, म्हणून मी त्याच्याकडे चहा मागितला. चहा येईपर्यंत तो सावरला. दोन उन्हाळ्यांपूर्वी एका शेतकऱ्यानं बैलगाडीत घालून मोटरसायकलचे तुकडे आणले होते. फ्रेम, चाकं वितळायला गेली. इंजिनाचा खालचा भाग फुटका होता म्हणून राहिला. तो कुठाय विचारलं, तर त्यानं ताडपत्रीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. ती वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यानं तो तिच्यावर ठेवला होता.

मिस्त्रीनं तिथेच बसून तो पॉलिश पेपरनं घासला. एकेक आकडा वर येत गेला. मी नोंदवहीतला नंबर वाचत होतो आणि तो मान हलवत होता. शेवटचा आकडाही जुळला. पंचांसमक्ष जप्ती केली, भंगारवाल्याचा जबाब घेतला.

शेतकरी जवळा बाजारच्या रस्त्यावरच्या एका गावचा. सत्तरीकडे झुकलेला, धोतर, टोपी, गावात मान असलेला माणूस. कधी कोणाशी भांडण नाही की कोर्टकचेरी नाही. माझे जमादार हळूच म्हणाले, "साहेब, हा माणूस खून करणारा वाटत नाही." मलाही वाटत नव्हता. मी त्याला ठाण्यात आणलं, पण खोलीत नेलं नाही. व्हरांड्यात बाकावर बसवलं आणि शेजारी बसलो. समोर टेबलावर ते कव्हर होतं. त्यानं ते पाहिलं आणि विचारायच्या आधीच त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

"बाबा, विहीर कुठं आहे तुमची?" मी विचारलं. विहीर हा माझा अंदाज होता.

"वढ्याच्या कडंला. गाडीवाटंला लागून." कव्हरकडे बघत तो म्हणाला, "कठडा नव्हता, सायेब. बांधू बांधू म्हणून राहून गेला."

मग तो थांबला नाही. मी लिहून घेत गेलो.

"सकाळी पाणी द्याया गेलो, त विहिरीची कड ढासळलेली. पाण्यावर एक चप्पल. वाकून बघितलं त खाली गाडीचं चाक दिसलं. म्या वळखलं. एका फिरस्त्या धनगराच्या मेंढ्या बिमार होत्या, त्या बघाया आला होता बिचारा. आडवाटंनं गेला असंल, रस्ता म्हाईत न्हाई..."

"लगेच गावात काहून नाही सांगितलं?"

"आठ दिसांवर पोरीचं लगीन होतं. पत्रिका वाटल्या होत्या. म्हणलं, पोलीस येतील, मला नेतील, लगीन मोडंल. म्हणलं, लगीन झाल्यावर सांगतो. लगीन झालं. मग वाटलं, आता सांगितलं त म्हणतील, इतके दिस काहून लपवलं, तूच मारला. असं करून राहिलो, सायेब. दिस निघून गेले."

देह गाडीखाली अडकला होता, वर आला नाही. म्हाताऱ्यानं विहिरीत बाभळीच्या काट्या टाकल्या, तिचं पाणी घेणं सोडलं, घरी खारं लागतं म्हणून सांगितलं. पुढे दुष्काळाच्या साली तिचा तळ उघडा पडला तेव्हा हा एकटा आत उतरला. गंजलेले बोल्ट घणानं तोडून गाडी खालीच सुटी केली आणि चार दिवस एकेक तुकडा दोरानं वर ओढला. हाडं धोतराच्या धडप्यात बांधून बांधावर, लिंबाखाली पुरली.

"दर सर्वपित्रीला पान ठेवीत होतो तिथं," तो म्हणाला. "त्याचं करणारं कोणी असंल का न्हाई, म्हणून."

मी शेवटचा प्रश्न विचारला. खरं तर तपासाला त्याची गरज नव्हती. "ती बाई तुमच्या गावात आली होती का कधी?"

त्यानं डोळे मिटले. "आली होती. दोनदा. संगं लेकरू होतं. आमच्याच वट्ट्यावर बसली. पाणी दिलं, भाकर दिली. तिनं फोटो दावला." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्या न्हाई म्हणलं."

दुसऱ्या दिवशी तहसीलदारांच्या समक्ष लिंबाखाली खणलं. हाडांबरोबर रेक्झिनची कुजलेली पिशवी होती आणि तिच्यात गुरांना टोचायची धातूची पिचकारी. तिच्यावर दवाखान्याचा नंबर ठोकलेला होता. बाईनं ती लगेच ओळखली. ती रडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या वहीत तुमीच लिवलं होतं ना, घर सोडून गेला म्हणून? ते खोडता येतं का?"

"खोडता येत नाही, ताई. खाली नवीन नोंद करता येते."

"मंग करा. आन् मला नक्कल द्या. सासरी दावायची हाय."

नक्कल मी स्वतःच्या हातानं लिहून दिली. ती घेऊन ती सासरच्या गावी गेली तेव्हा सासू-सासरे दोघंही वारलेले होते. दिरानं कागद वाचला, परत दिला आणि म्हणाला, आता काय उपयोग.

म्हाताऱ्यावर मृत्यूची माहिती दडवल्याचा आणि प्रेताची परस्पर विल्हेवाट लावल्याचा गुन्हा दाखल झाला. कायद्यात त्याला फार मोठी शिक्षा नव्हती. तीही लागली नाही, खटला उभा राहण्याआधीच तो गेला. त्याची पोरगी, जिच्या लग्नासाठी हे सगळं झालं, ती त्याच्या मातीला आली नाही असं गावात ऐकलं.

या प्रकरणात मला खुनी सापडला नाही. सापडला एक घाबरट माणूस, ज्यानं आठ दिवसांची मुदत मागून नऊ वर्षं घेतली. आणि एक फौजदार, ज्याला बाजारातली बातमी खरी वाटली, कारण तिच्यामुळे त्याचा तपास संपत होता. म्हाताऱ्याचा गुन्हा मला कलमांत बसवता आला. माझ्यासाठी कलम नव्हतं. पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी ही हकीकत सांगितली. कोणी हरवल्याची तक्रार आली की पहिल्या दिवशी विहिरी, नाले, आडवाटा बघा, चारित्र्य नंतर बघा, असं सांगत आलो. काहींनी ऐकलं.

प्रयोगशाळेचा अहवाल येऊन अस्थी ताब्यात द्यायला बरेच महिने गेले. त्या घ्यायला मुलगी आली होती. आता वीस वर्षांची झालेली, लग्न झालेली. बाप पळून गेलेला म्हणून दोन ठिकाणी जमलेलं मोडलं होतं आणि शेवटी लांब, वयानं बऱ्याच मोठ्या माणसाला दिली होती. तिनं पोहोच पावतीवर सही केली. डबा दोन्ही हातांनी उचलला, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"सायेब, शाळेत बापाचं नाव सांगायला मला लाज वाटायची. मी देवाला म्हणायचे, त्यांचं वाटोळं कर." ती डब्याकडे बघत होती. "तवा ते गेलेलेच होते ना?"

"हो," मी म्हणालो. "पहिल्या दिवशीच."

तिनं मान हलवली. डबा पदराखाली घेतला आणि उन्हात एस.टी. स्टँडकडे चालत गेली. जीप देतो म्हणालो होतो. तिनं नको म्हटलं.