झार, सुलतान आणि आमच्या कुळाचा रोट

बडोद्याहून बी.ए. होऊन मी गावी परत आलो तेव्हा नोकरी नव्हती, पण रुबाब होता. माझा विषय इतिहास. त्यातही ज्या पेपरात मला बरे गुण पडले तो रशियाचे झार, तुर्कांचे सुलतान, इराणचे शहा आणि दिल्लीचे बादशहा यांचा. त्यांच्या राज्यात सरकार कुठे संपायचं आणि धर्म कुठे सुरू व्हायचा, असा प्रश्न हमखास यायचा. मी उत्तर पाठ केलं होतं. पाठ केलेलं उत्तर आणि समजलेलं उत्तर यांतला फरक बडोद्यात कुणाच्या लक्षात आला नाही. तो गोमाई नदीकाठच्या आमच्या गावात, शहाद्यापासून बैलगाडीने जेमतेम दोन तासांवर, चारचौघांत उघडा पडला.

तो पहिलं महायुद्ध संपून बरीच वर्षं झाल्यानंतरचा, दुसरं अजून कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं तेव्हाचा श्रावण. आमच्या खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी कानबाई बसते. नारळालाच नथ आणि बांगड्या घालायच्या, तीच देवी. सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवायची. पण कानबाईचं खरं काम रोटांचं. कुळातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मुठी मोजून गहू काढायचा, तो दळायचा आणि त्या पिठाचे रोट फक्त कुळातल्यांनीच खायचे. पाहुणा कितीही लाडका असो, त्याला त्यातला तुकडा नाही. ज्यांचा रोट एक ते भाऊबंद. रोट वेगळा झाला की सगळंच वेगळं.

आमच्या कुळात तेव्हा दोनच घरं उरली होती. एक आमचं, म्हणजे माझे वडील नाना, माझी माय, मी आणि माझे दोन भाऊ. दुसरं नानांच्या थोरल्या भावाचं. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांना मुली, त्याही सासरी गेलेल्या. घरात आबा आणि मोठी माय. म्हणजे आबांच्या घरातून गहू निघायचा तो एकट्या आबांच्या नावाचा. आमच्या घरच्या मुठींत ती मूठ पडली की कुळाचा रोट भरल्यासारखा दिसायचा. वेगळा झाला असता तर मोठ्या मायला त्या एवढ्याशा पिठाचा एक रोट थापून देवीपुढे ठेवावा लागला असता, आणि सगळ्या गावाने पाहिलं असतं की या घराचं पुढे कुणी नाही.

आणि त्याच वर्षी रोट वेगळा व्हायची वेळ आली.

कारण झाली शहाद्याची गिरणी. एका मारवाडी शेटने तेलावर चालणारं इंजिन आणून पिठाची गिरणी घातली होती. तिचा आवाज लांबून ऐकू यायचा आणि बाजाराला गेलेल्या आमच्या बाया कामं टाकून तो ऐकत. दरवर्षी रोटाचं दळण माय आणि मोठी माय समोरासमोर बसून एकाच जात्यावर करत, एका खुंट्याला दोघींचे हात. त्या वर्षी मोठ्या मायचा खांदा धरला होता, हात वर होईना. नाना म्हणाले, या खेपेला गहू गिरणीवर नेऊ.

आबा ओट्यावर उभे राहिले. "त्या गिरणीमा अख्खा तालुकाना दाणा पडस. त्या दगडमा दुसरासनं पीठ चिकटेल ऱ्हास. ते आपला रोटमा येई. मंग तो आपला कुळना रोट कसाना?"

मुद्दा अगदी रास्त होता, हे मला आजही वाटतं. नानांचा मुद्दाही रास्त होता. "पहिलं पायलीभर पीठ गायले टाकू. आनि वहिनीना खांदा तुले दिखस नही का?"

"खांदा देवी देखी लेई."

"देवीले खांदा दिखस आनि तुले नही दिखस!"

पुढे चार दिवस दोन्ही घरांत बोलणं बंद. मग गावच्या शहाण्या माणसांनी सुचवलं की घरात एवढा शिकलेला पोरगा असताना भांडता कशाला? त्याला विचारा. मोठमोठ्या राजांच्या राज्यात अशी भांडणं होत असतीलच की. आबांना ते पटलं, कारण बी.ए. झालेला माणूस जुन्याच्या बाजूने बोलणार अशी त्यांची खात्री होती. नानांनाही पटलं, कारण माझी फी त्यांनी भरली होती.

मायने मला चुलीजवळ गाठलं. "तू काहीबी सांग. झार सांग नहीतं मार सांग. पण रोट एकच ऱ्हायना पाहिजे. जिजीनं तोंड माले देखवत नही." जिजी म्हणजे मोठी माय.

"काळजी करू नको," मी म्हटलं. इतका आत्मविश्वास मला नंतर लग्नाच्या वेळीही नव्हता.

शनिवारी दुपारी आबांच्या ओट्यावर बैठक भरली. आबा एका टोकाला, नाना दुसऱ्या टोकाला, मधे गावचे चार जण. दारात माय आणि मोठी माय. मी खांबाला टेकून उभा, धुतलेल्या कोटात, घामाघूम.

मी झारापासून सुरुवात केली. रशियात लोक छातीवर क्रूस काढतात, ते पिढ्यान्‌पिढ्या दोन बोटांनी काढत. मग एक मोठा धर्मगुरू आला. तो म्हणाला, पोथ्या तपासल्या, दोन बोटं चूक, तीन बरोबर. झाराने त्याला पाठबळ दिलं आणि हुकूम काढला.

"म्हंजे राजा नवीनना बाजूले व्हता," नाना म्हणाले आणि त्यांनी मांडी बदलली.

"आनि दोन बोटवाला?" आबांनी विचारलं. स्वतःचा पंजा डोळ्यांपुढे धरून ते कधी दोन बोटं दुमडत होते, कधी तीन.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला गुण मिळवायची सवय. मी सांगितलं, की दोन बोटवाले ऐकेनात. काही जंगलात पळाले. काहींनी स्वतःला घरात कोंडून जाळून घेतलं.

आबा उठून उभे राहिले. "देखा! देखा रे भो! माणूस जळी ग्यात पण रीत सोडी नही!"

"अरे पण जळी ग्यात ना!" नाना ओरडले.

एकाच गोष्टीतून दोघांनी आपापला विजय उचलला होता. दारात मायने कपाळावर हात मारून घेतलेला मला दिसला. मी घाईघाईने सुलतानाकडे वळलो. सुलतान मला शांत माणूस वाटायचा. तुर्कांचं राज्य एवढं अफाट, त्यात निरनिराळ्या धर्मांचे लोक. सुलतान स्वतः मुसलमान, पण ख्रिस्ती आणि यहुदी लोकांचे लग्न, वारसा, देवधर्म यांचे वाद त्यांच्या त्यांच्या धर्मगुरूंनी सोडवावेत, असं त्याने ठेवलं. जादा कर द्या आणि आपापल्या रीतीने राहा.

मला वाटलं, जमलं.

आबा सावकाश म्हणाले, "हाई बेस शे. ज्याना त्याना रोट ज्याना त्याना घरमा."

"माले मंजूर," नाना म्हणाले. सबंध आठवड्यात दोघा भावांचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि तेही नेमकं वेगळं व्हायला! ज्याच्या राज्यात माणसं एकत्र नांदली असं मला दाखवायचं होतं त्या सुलतानाने माझ्या तोंडून आमचं कुळ फोडलं. मोठी माय पदर तोंडाशी धरून आत वळली. एकाच मुठीचा रोट तिला तेव्हाच दिसला असणार.

मी घाबरलो. घाबरलो की मी भराभर बोलतो. एका दमात इराणचा शहा आणला. त्याने स्वतःचा पंथ सगळ्या राज्यावर लादला, परदेशातून पंडित मागवले. "म्हंजे तोबी झारच," एक जण म्हणाला. मी हो म्हटलं, मग नाही म्हटलं. मग दाढीवर कर बसवला असं सांगितलं, आणि मधेच आठवलं की तो शहाने नाही, झाराने बसवला होता, तोही पुढच्या कुठल्यातरी. हे दुरुस्त करायला गेलो तर सुलतानाच्या माथी दाढीचा कर आला. समोर बसलेल्या एका दाढीवाल्या म्हाताऱ्याने काळजीने विचारलं, "हाई कर धुळानं सरकार कव्हय लावणार शे?" त्याला समजावण्यात पाव तास गेला, तरी त्याची समजूत पटलेली मला दिसली नाही. सगळं हुकलं असं पाहून मी शेवटचा डाव टाकला. दिल्लीचा एक बादशहा. त्याने मुल्ला, पंडित, जैन मुनी, पाद्री सगळ्यांना एका दालनात बसवून वाद घालायला लावला, आणि स्वतः ऐकत बसला.

"मंग काय ठरनं?" आबांनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. पेपरात हे कुणी विचारलं नव्हतं. "ठरलं असं नाही. चर्चा होत राहिली."

"आनि चर्चा चालू व्हती तव्हय दळे कोन?"

या प्रश्नावर ओटा हसला. झार, शहा, सुलतान, बादशहा, एकही जण जात्यावर बसलेला मी वाचला नव्हता. आतून मोठ्या मायने खांदा हलवल्यावर काढलेला बारीक आवाज आला, आणि काय बोलतोय हे कळायच्या आत मी बोलून गेलो, "मी दळतो."

दाढीवाला म्हातारासुद्धा कराचं विसरून पुढे सरकला.

"गडी माणूस? जातावर?" नानांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. माझ्या बी.ए.च्या फीचा हिशेब त्यात उमटला होता.

आबा मात्र विचारात पडले. जातं घरचं, दगड घरचा, परक्याचं पीठ नाही. दळणारा कुळातलाच, ज्याच्या नावाची मूठ त्या गव्हात आहे तो. त्यांनी एकेक गोष्ट ताडून पाहिली आणि त्यांना बोट ठेवायला जागा सापडेना. नानांनाही सापडेना. वहिनीचा खांदा वाचत होता, आणि तेवढंच त्यांना हवं होतं. पण हे जुनं म्हणावं की नवं, हे त्यांना कळेना, मला कळेना आणि दाढीवाल्या म्हाताऱ्याला तर काहीच कळेना.

"दळू दे," शेवटी आबा म्हणाले. "पण दार लावी लेजात. गावमा दिखाले नको."

दार लावलं, पण खिडकी राहिली. रविवारी पहाटे मी मायसमोर जात्यावर बसलो तेव्हा खिडकीत सगळ्या आळीच्या बाया होत्या. मी खुंटा धरला आणि उलटा फिरवला. "अरे उलटं!" माय ओरडली. मग मी जात्यात वैरण, म्हणजे दाण्यांची मूठ, जास्त घातली, जातं अडलं. मग इतकी कमी घातली की दगडावर दगड घासून ठिणगी उडाली असं एका बाईने शपथेवर सांगितलं. मोठी माय भिंतीला टेकून बसली होती. इतके दिवस तिच्या तोंडावर जी सावली होती ती हसून हसून पार गेली. पीठ म्हणून जे निघालं ते अर्धं पीठ, अर्धा रवा आणि थोडे साबूत गहू असं होतं. त्यात आबांची मूठ कुठली आणि आमची कुठली, हे देवीलासुद्धा निवडता आलं नसतं.

रोट एकच झाले. दगडासारखे झाले. आबा एका बाजूच्या दातांनी खात होते, नाना दुसऱ्या बाजूच्या. कुणी हरलं नव्हतं, म्हणून कुणी तक्रार करेना.

मला वाटलं, संपलं. पुढच्या वर्षी मला धुळ्याला मास्तरकी लागली. मोठ्या मायचा खांदाही सुधारला होता. तरी श्रावणात आबांचा निरोप आला, की दळायला ये, रोट अडला आहे. मी गेलो. त्याच्या पुढच्या वर्षीही गेलो. मग माझं लग्न झालं. पहिल्याच श्रावणात माझे सासरे कौतुकाने पाहुणे म्हणून आले आणि ओट्यावर बसले. आत नवी सून असताना जावई बनियनवर जात्याशी बसलेला पाहून ते गोंधळले. त्यांनी आबांना हळूच विचारलं, हा काय प्रकार?

आबांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आमना कुळमा पहिलेपासून गडी माणूसच दळस," ते म्हणाले. "आमना बाप दळे, आमना आजा दळे. जुनी रीत शे, पाव्हना. ती मोडता येत नही."

मी जात्यावरून मान वर केली. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. नाना दारात उभे होते, आणि तेही गंभीरपणे मान डोलवत होते.

"हात चालू दे," माय म्हणाली. मी खुंटा फिरवला. सुलटाच फिरवला असावा.